परतलेल्या शिपायाचे कथन : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या निमित्ताने

पहिले महायुद्ध संपल्यानंतर तत्कालीन सरकारने महाराष्ट्रातील अनेक गावांत स्मारकशिला बसविल्या. कोठे चावडीच्या भिंतीत, कोठे शाळेच्या किंवा वेशीच्या दगडकामात त्या अद्याप दिसतात. मजकूर बहुधा एकाच साच्याचा असतो : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गेलेल्यांचा आकडा आहे, मृतांचा आकडा आहे. परतलेल्यांचा आकडा मात्र वाचणाऱ्याने वजाबाकी करून काढावयाचा असतो. मराठी वाङ्मयाचा आणि मराठी वाङ्मयाभ्यासाचा सैनिकाशी असलेला संबंधही पुष्कळसा याच हिशेबाने चालत आला आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

मराठी परंपरेने लढणाऱ्या माणसासाठी वाङ्मयरूपे घडविली नाहीत असे नाही. सह्याद्रीच्या कुशीतील गावोगावी उभे असलेले वीरगळ ही त्यांपैकी सर्वांत जुनी, अक्षराविना बोलणारी संहिता. खालच्या चौकटीत लढाई आणि मृत्यू, मधल्या चौकटीत अप्सरांनी नेलेला वीर, वरती शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. असा हा क्रम ठरलेला आहे. वीरगळ पडलेल्याचा असतो. पोवाडा पराक्रम्याचा असतो आणि तो गातो शाहीर, पराक्रम करणारा स्वतः नव्हे. पेशवाईतील लावणीत शिलेदार वारंवार येतो, पण तो मोहिमेवर गेलेला असतो. त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या स्त्रीच्या मुखातून त्याची अनुपस्थिती तेवढी वर्णिली जाते. पडलेला, गाजलेला आणि दूर असलेला अशा तिन्ही अवस्थांतील सैनिकाला मराठीने आपापले रूप दिले. लढून आलेला, न गाजलेला आणि आता ओट्यावर बसलेला सैनिक मात्र रूपाविना राहिला. त्याच्यापाशी कथन आहे. त्या कथनाला वाङ्मयप्रकाराचे नाव नाही.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ही उणीव विशेष जाणवते. पुणे जिल्ह्याच्या या उत्तर भागातून पिढ्यान्‌पिढ्या तरुण सैन्यात गेले आहेत. बेळगावचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आणि खडकीचे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र ही नावे येथील कित्येक घरांत नातेवाइकाच्या गावाइतक्या सहजतेने घेतली जातात. निवृत्त होऊन आलेला शिपाई असो, नाईक असो की हवालदार, गावात तो ‘मेजर’ म्हणूनच ओळखला जातो. गावाने आपल्या अधिकारात दिलेली ही बढती मोठी लोभस आहे. परंतु पदाबरोबर एक भूमिकाही चिकटते. स्वातंत्र्यदिनी शाळेच्या पटांगणात मेजरांनी चार शब्द बोलावयाचे असतात, आणि ते चार शब्द कोणते असावेत हे ऐकणाऱ्यांनी आधीच ठरविलेले असते.

त्यातून हा शिवनेरीचा प्रदेश. ज्या गडावर १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्याच्या पायथ्याशी वाढलेल्या सैनिकाला आपला अनुभव मांडण्यासाठी एक तयार, भव्य आणि सर्वमान्य चौकट जन्मतःच लाभते. मावळ्यांची परंपरा, स्वराज्य, गनिमी कावा ही पदे त्याच्या तोंडी आपसूक येतात. या चौकटीत खोटे असे काही नाही. तिने कित्येकांना कठीण प्रसंगी बळ दिले असेल. अडचण एवढीच की ती इतकी भरघोस आहे की व्यक्तीचा बारीक, ओबडधोबड, कधी लाजिरवाणा वाटणारा अनुभव तिच्यात मावत नाही. थंडीने बधिर झालेली बोटे, तीन दिवसांची शिळी पुरी, सोबत्याचे सामान त्याच्या घरी पाठविण्यासाठी बांधताना खिशात सापडलेले अर्धवट पत्र; या गोष्टींना पोवाड्याच्या लयीत जागा कोठून मिळणार?

शिवाय या प्रदेशाची सैनिकी स्मृती एकपदरी नाही. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. १८७० च्या दशकात इंग्रज सरकार आणि सावकार यांच्याविरुद्ध उठलेला होनाजी केंगले याच आंबेगावच्या डोंगरातील जांभोरीचा. आणि त्याच्या आधी १८५७ च्या धामधुमीत नटॉल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने उभारलेल्या कोळी पलटणीतही याच समाजातील माणसे होती. एकाच डोंगररांगेने बंडखोरही दिले आणि सरकारचे शिपाईही. बंडखोरांच्या आठवणी लोकगीतांनी आणि अलीकडे इतिहासकारांनी जपल्या. कोळी पलटणीतील शिपायाला काय वाटले असावे, हे मात्र गॅझेटियरमधील साहेबाच्या प्रशस्तीवरून ताडावे लागते.

परतलेल्या माणसाचे कथन मराठीत मुळीच नाही, असा आक्षेप घेता येईल की हे विधान टोकाचे आहे. नाना फडणिसांच्या आत्मवृत्तात पानिपतावरून जीव वाचवून निघाल्याची हकिकत आहे; तीत भय आहे, दैन्य आहे, मातेच्या ताटातुटीचे दुःख आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १८५७ च्या रणधुमाळीतून सुटून आलेल्याचे निवेदन आहे. मराठी गद्यातील ही दोन्ही लेणी होत. पण नाना कारकुनी परंपरेतील तरुण होते, गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने निघालेले भिक्षुक. दोघांच्याही हाती लेखणी होती, तलवार नव्हती. विसाव्या शतकात लेफ्टनंट जनरल थोरात यांचे ‘माझी शिपाईगिरी’ आले, १९६२ च्या युद्धकैदेवर श्याम चव्हाण यांनी लिहिले. ही अधिकाऱ्यांची पुस्तके होत. त्यांचे मोल कमी नाही. अधिकारी नकाशा पाहून सांगतो. जवान खंदकातून जेवढे दिसले तेवढे सांगतो. हे दुसऱ्या प्रकारचे सांगणे ग्रंथरूपात फारच विरळ आहे.

एक तुलना येथे बोलकी ठरेल. मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून वेढल्या गेलेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांना शरण गेलेल्या सैन्याचे नावच सहावी (पुणे) डिव्हिजन असे होते. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी त्यात होत्या. उपासमार, शरणागती, वाळवंटातील पायपीट आणि कैद या सर्वांतून वाचलेले मराठी शिपाई पुढे आपापल्या गावी आले असणारच. त्याच वेढ्यात बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्बाधिकारी नावाचा तरुण होता. त्याने कैदेत असताना टिपणे जपली आणि चाळीसएक वर्षांनी ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक लिहिले. आज महायुद्धाच्या अभ्यासकांना ते अनिवार्य वाटते. बंगाली भाषेला एका रुग्णसेवकाने जे दिले ते मराठीला तीन पलटणींकडून मिळाले नाही. दोष शिपायांना देता येत नाही. त्यांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हते. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी त्यांना विचारले नाही.

परतलेल्या शिपायाने मराठीत एक गद्यप्रकार मात्र खरोखर घडविला, आणि तो वाङ्मयेतिहासात कोणी नोंदवीत नाही. तो म्हणजे अर्ज. महारांची सैन्यभरती बंद होऊ लागली तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी आपल्या समाजाच्या पूर्वसेवेची आठवण सरकारला करून दिली. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत मागणे पोहोचविले. या विनंतीपत्रांत युद्धसेवेचे स्मरण गौरवासाठी येत नाही. हक्काचा पुरावा म्हणून येते. पुणे जिल्ह्यातीलच कोरेगावच्या स्तंभाकडे १९२७ पासून ज्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले तिची वाक्यरचना या अर्जांतच प्रथम सापडते. आजचा माजी सैनिकही निवृत्तिवेतनासाठी, जमिनीसाठी, अपंगत्वाच्या लाभासाठी अर्ज लिहितो किंवा लिहवून घेतो, आणि कित्येकदा त्याच्या आयुष्यातील युद्धाची एकमेव लिखित नोंद त्या अर्जाच्या दोन ओळींत असते. आत्मचरित्राच्या अभ्यासकांनी या दोन ओळी वाचावयास हव्यात.

मौखिक कथनाकडे वळल्यास भाषेचा प्रश्न सर्वप्रथम उभा राहतो, आणि तो मराठी विभागांच्या अखत्यारीतील आहे. जवानाची मराठी ही घरची बोली आणि पलटणीची हिंदुस्थानी यांच्या सांध्यावर उभी असते. ‘आम्ही रात्रभर मोर्च्यात बसून होतो’ असे जुन्नरकडचा माजी सैनिक म्हणतो तेव्हा टिपून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे तहसील कचेरीवर निघणारा मोर्चा येतो. सैन्याच्या भाषेत मोर्चा म्हणजे मातीच्या पोत्यांनी बांधलेली लढण्याची जागा. गंमत अशी की ‘मोर्चे लावले’ या बखरीतील प्रयोगाशी जवानाचा अर्थ अधिक जवळचा आहे, विद्यार्थ्याचाच अर्थ नवा आहे. ‘रंगरूट’, ‘लांगरी’, ‘पिट्टू’, ‘दुश्मन’ हे शब्दही असेच. संपादनात यांची जागा ‘नवशिक्या सैनिक’, ‘आचारी’, ‘पाठपिशवी’, ‘शत्रू’ यांनी घेतली की वाक्य प्रमाण होते आणि माणूस निघून जातो.

याहून गंभीर फेरफार मृत्यूच्या शब्दांत होतो. सोबत्याविषयी बोलताना जवान बहुधा ‘त्याला लागलं’, ‘तो गेला’ असेच म्हणतो. छापील मजकुरात तो ‘धारातीर्थी पडतो’ किंवा ‘वीरगती पावतो’. घरातल्या माणसाच्या मरणासाठी जो शब्द, तोच शब्द जवान वापरतो, हे त्याच्या कथनातील सर्वांत महत्त्वाचे विधान आहे. ते पुसून त्याला सन्मान दिल्याचे समाधान संपादक मानतो.

सर्वनामांचीही तीच गोष्ट. मराठीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. युद्धकथनात ‘आम्ही’ म्हणजे पलटण. ऐकणारा तिच्या बाहेर. मध्येच एखाद्या जागी ‘आपण काय करायचो, पहाटे अंधारातच उठायचो’ अशी वाक्ये येतात, आणि ऐकणारा आत ओढला जातो. आणि क्वचित, फार क्वचित, ‘मी’ येतो. तो कोठे येतो याकडे लक्ष द्यावे. हल्ला, विजय, पदक या ठिकाणी ‘आम्ही’ टिकून राहतो. पहाऱ्यावर झोप लागली, पाणी एकट्यानेच पिऊन टाकले, मेलेल्याचे डोळे मिटविले, अशा जागी ‘मी’ डोकावतो. कथनमीमांसेच्या तासाला परकीय कादंबऱ्यांतील निवेदकाची उदाहरणे देणाऱ्या अध्यापकांना घोडेगावच्या बाजारात याहून सूक्ष्म उदाहरण मिळू शकेल.

स्मृती दगा देते, ती वारंवार सांगून गुळगुळीत होते, इतिहासाच्या दृष्टीने ती अविश्वसनीय असते. हा आक्षेप जुना आहे आणि तो खराही आहे. पण कागद तरी कोठे पुरा आहे? १९६२ च्या पराभवासंबंधी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांनी १९६३ साली दिलेला अहवाल सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. तारखांच्या बाबतीतही जवान समजला जातो तितका बेभरवशाचा नसतो. त्याची दिनदर्शिका वेगळी असते. १९६२ चे आक्रमण दिवाळीच्या तोंडावर झाले, १९६५ चे युद्ध गणपतीच्या दिवसांत पेटले, १९७१ चे मार्गशीर्षात झाले. घरी काय चालले असेल याचा हिशेब मनात ठेवून तो लढलेला असतो, आणि सण व सुगी यांच्या खुणांनी सांगितलेला त्याचा क्रम तपासून पाहता येतो. जेथे तो चुकतो तेथे चूक का झाली हाही वाङ्मयाचाच प्रश्न आहे. चित्रपटात पाहिलेले दृश्य आणि स्वतः पाहिलेले दृश्य यांची सरमिसळ झाली असेल, तर ती कोठे झाली हे शोधणे अभ्यासकाचे काम.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत आणि ब्रह्मदेशात लढलेली पिढी निघून गेली. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. गी पॉइतवॅं आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या लाखाच्या संख्येने गोळा केल्या त्या जाती थांबत असताना. थोडा उशीर झाला असता तर तो संग्रह झालाच नसता. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव या प्रत्येक ठिकाणी महाविद्यालय आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्पासाठी विषय लागतात, आणि दरवर्षी त्याच सात-आठ कादंबऱ्या वाटल्या जातात. या मुलांपैकी कित्येकांचे आजोबा, चुलते, मामा सैन्यातून निवृत्त झालेले आहेत, ही गोष्ट वर्गात कोणी विचारीत नाही.

अर्थात ज्याने विचारावयास जायचे त्याने प्रश्नावली घेऊन जाऊ नये. ‘आपणास युद्धात कसे वाटले?’ या प्रश्नाला शाळेच्या पटांगणातलेच उत्तर मिळते. ‘बाबा, जेवायला काय असायचं?’ असे विचारले तर कथन सुरू होते. शक्य तेवढे बोलणे शब्दशः नोंदवावे, थांबलेल्या जागा नोंदवाव्यात, हिंदी शब्द तसेच ठेवावेत, आणि नाव छापायचे की नाही हे सांगणाऱ्याला ठरवू द्यावे. त्याची पत्नी जवळ बसली असेल तर तिला उठवू नये. मेजर जेथे ‘तेव्हा काही विशेष नव्हतं’ म्हणून पुढे जातात, तेथे आतून आवाज येतो, ‘नव्हतं कसं? दोन महिने पत्र नव्हतं. तार आली तर दार उघडायचं नाही असं आत्याबाईंनी बजावलं होतं.’ युद्धाचा तो भाग मेजरांनाही ठाऊक नसतो.