पडवीतली बॅटरी

गेल्या भाऊबीजेला मुरबाडला ताईकडे गेलो होतो. फराळाचे ताट पुढे आले, पण ताईचे सारे लक्ष फाटकाकडे! पडवीत इन्व्हर्टरची जुनी बॅटरी पडली होती आणि ती न्यायला भंगारवाला यायचा होता.

"दुकानदार नवीच्या किमतीतून कापून देतो त्यापेक्षा हा शंभर रुपये जास्त देतोय," ताई म्हणाली.

"पण हे शंभर रुपये येतात कुठून?" मी विचारले.

उत्तर भाचीने दिले. "मामा, तो ती कुऱ्हाडीने फोडतो. आतले पाणी नाल्यात ओततो आणि शिसे चुलीवर वितळवतो. आम्ही शाळेतून येताना पाहतो ना!"

ते 'पाणी' म्हणजे गंधकाम्ल. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तेवढ्याला साधी चूलही पुरते. सोपे आहे म्हणूनच घातक आहे. त्याची धूळ आणि धूर मुलांच्या पोटात गेला की मेंदूच्या वाढीवर घाला पडतो. जगातल्या तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचे 'युनिसेफ'च्या २०२० च्या अहवालात म्हटले आहे. आणि पहिली झळ लागते ती त्या भंगारवाल्याच्याच पोरांना!

वास्तविक ही बॅटरी मरते म्हणजे काय होते? प्लेटांवर सल्फेटची पुटे चढतात. शिसे कुठेच जात नाही. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक तेच असते. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली, तेव्हापासून तिचा जीव शिशातच आहे. पुण्याजवळ मरकळला एक्साइडच्या उपकंपनीचा शिसे शुद्ध करण्याचा कारखाना आहे. अशा ठिकाणी बॅटरी यंत्रात फोडतात, आम्ल निष्प्रभ करतात, धूर गाळून घेतात आणि शुद्ध केलेल्या शिशाच्या पुन्हा प्लेटा होतात. सोन्याचे जुने दागिने आटवून नवे घडवावेत, तसेच हे. फरक एवढाच, की हे आटवणे अंगणात करायचे नाही. ताईचे शंभर रुपये येत होते ते या वाचवलेल्या खर्चातून!

मोबाइलच्या बॅटरीचेही तसेच. तिची पूड करून रसायनांत विरघळवली की लिथियम, कोबाल्ट, निकेल परत मिळतात आणि नव्या बॅटरीला चालतात. कचऱ्याच्या डब्यात चेपली गेली, तर मात्र ती पेट घेऊ शकते. २००१ चे नियम शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या नियमांनी सर्वच प्रकारच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण आपण परत दिली तर ना!

भावोजींनी मुकाट्याने बॅटरी रिक्षात घातली आणि दुकानात पोचती केली. संध्याकाळी ओवाळणीच्या तबकात मी नेहमीपेक्षा शंभराची एक नोट जास्त टाकली.

ताई हसली. म्हणाली, "ही बॅटरीची ना रे?"