गाडी ओढेल, पण थांबेल का?

गेल्या महिन्यात एका शनिवारी दुपारी छावणीच्या गेटवरून फोन आला. ड्यूटीवरचा हवालदार जरा गोंधळलेला होता. माझे पाहुणे आले होते, ओळखपत्रं तपासून झाली होती, पण त्यांच्या गाडीला मागे 'घर' जोडलेलं होतं. तेही आत सोडायचं का, असा त्याचा प्रश्न.

पाहुणा म्हणजे माझा कोर्समेट. खडकवासल्याला तीन वर्षं आम्ही एकाच स्क्वॉड्रनमध्ये काढली. दोन वर्षांपूर्वी त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पुण्यात घर केलं. हातात आलेल्या पैशातून मोठी सात सीटर डिझेल एसयूव्ही घेतली आणि एका फॅब्रिकेटरकडून तिच्यामागे जोडायला कॅरॅव्हॅन बनवून घेतला. बेत असा, की मनाली, अटल टनेल, लाहौल आणि जमलंच तर बारालाचा, तांगलांग ला ओलांडून थेट लेह. माझं सध्याचं पोस्टिंग पंजाबात, म्हणून वाटेत दोन दिवस मुक्काम.

गाडीतून उतरल्या उतरल्या तो म्हणाला, "अरे, काय ओढते! मागे काही जोडलंय असं वाटतच नाही."

मी कॅरॅव्हॅनला एक फेरी मारली आणि विचारलं, "याला ब्रेक कुठले आहेत?"

त्याने वहिनींकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ब्रेक? गाडीला आहेत की."

हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. माझा कोर्समेट बेफिकीर माणूस नाही. पण तो पायदळातला आणि मी तोफखान्यातला. आमची अर्धी नोकरी काहीतरी जड वस्तू गाडीमागे जोडून ओढण्यात जाते. देवळालीला यंग ऑफिसर्स कोर्सपासून हेच शिकलो. १०५ मिलिमीटरची लाइट फील्ड गन सुमारे २,४०० किलोची, बोफोर्स सुमारे १२ टनांची. एवढं वजन मागे असलं की ते गप्प बसून ओढून घेतं, हा गैरसमज लवकर जातो. चढावर ते तुमच्या मागे असतं, उतारावर ते तुम्हाला ढकलत असतं.

आधी एक गोष्ट मान्य करतो. या हौसेला मी हसत नाही. फौजी कुटुंबाने दर दोन-तीन वर्षांनी काळ्या ट्रंका भरल्या, रिकाम्या केल्या, पुन्हा भरल्या. वहिनी मला म्हणाल्या, "वीस वर्षं घर ओढलंच भाऊजी, आता निदान पडदे तरी माझ्या पसंतीचे." त्यांनी कॅरॅव्हॅनच्या खिडक्यांना निळ्या चौकड्यांचे पडदे शिवले होते. आपल्यापैकी पुष्कळ माजी सैनिक असं स्वप्न बघत असतील. ते बघावं. पण त्याआधी माझी एक चूक ऐकावी.

लेफ्टनंट असताना मी अरुणाचलात होतो. ठिकाण आणि साल सांगत नाही. एका संध्याकाळी पाण्याचा ट्रेलर ट्रकला जोडून खालच्या कॅम्पवर पाठवायचा होता. टाकी निम्मी भरलेली. साताऱ्याकडचे एक हवालदार आमच्या तोफेचे नंबर वन होते. ते म्हणाले, "साहेब, टाकी एकतर काठोकाठ भरू, नाहीतर रिकामी करू. निम्मं पाणी उतारावर हेलकावतं." धुकं उतरत होतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "वेळ नाही. निघू द्या."

तिसऱ्या वळणावर पाणी टाकीत एका अंगाला गेलं आणि ट्रेलरने ट्रकचं शेपूट बाहेर ढकललं. ड्रायव्हरने ट्रक डोंगराच्या बाजूला घातला म्हणून माणसं वाचली. ट्रेलर उलटला. सहचालकाच्या मांडीचं हाड मोडलं. तो बरा झाला, नोकरीतही राहिला, पण त्याची मेडिकल कॅटेगरी खाली गेली आणि बढती लांबली. चौकशीत मी लिहून दिलं की घाई माझी होती. लिहून दिल्याने त्याचा पाय सरळ झाला नाही.

म्हणून रविवारी सकाळी कोर्समेटला घेऊन मी धर्मकाट्यावर गेलो. आपल्याकडे त्याला वजनकाटा म्हणतात, इकडे धर्मकाटा. नाव मला आवडतं, कारण तिथे कुणाची हौस चालत नाही. फॅब्रिकेटरने तोंडी सांगितलं होतं, १,२०० किलो. काट्यावर भरलं १,६४०. पलंग, बॅटऱ्या, पाणी, सिलिंडर, भांडी, तांदूळ. घर म्हटलं की वजन वाढतंच.

मग पुढचं छोटं चाक काट्याच्या बाहेर घेऊन फक्त मागची चाकं तोलली. आधीच्या आणि या आकड्यातला फरक म्हणजे गाडीच्या हुकावर येणारं वजन. ते निघालं ६० किलो. हा आकडा फार महत्त्वाचा असतो आणि तोच कुणी बघत नाही. युरोपात ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के, अमेरिकेत १० ते १५ टक्के भार हुकावर असावा असं मानतात. इथे चार टक्केसुद्धा नव्हते, कारण पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या चाकांच्या मागे, अगदी शेपटाकडे बसवल्या होत्या. शेपूट जड असलं की ट्रेलर डोलायला लागतो. "ट्रक बाजूने गेला की जरा हलते खरी," तो आता म्हणाला. जरा हलते, ही पहिली सूचना असते. त्या वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही, वेग वाढवायचा नाही, स्टिअरिंगने डोलणं पकडायला जायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो.

आता वाटेल की जड सामान पुढे सरकवलं, काम झालं. पण हुकावरचं वजन शेवटी एसयूव्हीवरच येतं. समजा, गाडीला माणसं आणि सामान मिळून ५५० किलोची मुभा आहे. पाच माणसांचे ३५०, सामान ८०, आणि हुकावरचे १६०. झाले ५९०. इंजिन कितीही ताकदवान असो, मागची स्प्रिंग आणि टायर आधीच मर्यादेबाहेर गेले. बंपरला वेल्डिंग करून लावलेला हुक हे सगळं पेलेल की नाही, हे पुन्हा वेगळं.

आणि ब्रेक. युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. इथे १,६४० किलोचं घर एका एसयूव्हीच्या ब्रेकवर पुण्याहून पंजाबपर्यंत आलं होतं. सपाट रस्त्यावर ते निभावतं. वेग ६० वरून ८० झाला की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीहून जास्त होते, हे गणित सपाटीवर जाणवत नाही. चाळीस किलोमीटरच्या उतारावर जाणवतं. ब्रेक तापतात, पाय खाली जातो आणि गाडी जात राहते. त्यात आपल्याकडे डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करायची खोड. मागे ट्रेलर असताना ती जीवघेणी आहे. ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरा, आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा दाबा, सोडा.

कुणी म्हणेल, जोखीम त्याची आहे, तुम्हाला काय? पण डोंगरातला रस्ता एकट्याचा नसतो. गाटा लूप्सला एकवीस वळणं आहेत. प्रत्येक वळणावर ट्रेलर गाडीपेक्षा आतून कापत जातो. समोरून आमचा कॉन्व्हॉय आला, खाली दरी आहे, आणि तुम्हाला पन्नास मीटर मागे जायचंय. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे जातो. युक्ती सोपी आहे. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलर जाईल. पण ती मोकळ्या मैदानावर शंभर वेळा केलेली असावी लागते. नाहीतर तुम्ही वाकडे अडकता, मागे दोन किलोमीटर रांग लागते, आणि त्या रांगेत एखादी ॲम्ब्युलन्स असते. अशा रांगेत मी उभा राहिलो आहे.

माझं म्हणणं एवढंच, की आपण स्वप्न आधी विकायला काढलं आणि शिस्त मागे ठेवली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. चांगलं झालं. पण कारचं लायसन्स काढताना 'ट्रेलर जोडून मागे घेऊन दाखव' असं आपल्याला कुणी म्हणत नाही. युरोपियन युनियनमध्ये जड ट्रेलरसाठी वेगळं प्रशिक्षण किंवा परीक्षा आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये अशी परीक्षा काढून टाकली, हे माझ्याविरुद्ध सांगता येईल. पण तिथे कॅरॅव्हॅन ओढण्याची सवय पिढ्यांची आहे. आपली पिढी पहिली आहे. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण आणि मैदानावरची एक चाचणी, एवढं मागणं जास्त नाही.

दुसरी मागणी गाडी कंपन्यांकडे. जाहिरातीत गाडी डोंगर ओढून आणेल असं दाखवता, तर इथल्या पुस्तिकेत ती किती किलो ओढू शकते ते छापा. ब्रेक असलेला ट्रेलर किती, नसलेला किती, हुकावर किती. कोर्समेटच्या पुस्तिकेत आम्हाला हा आकडा सापडला नाही. आकडा नसेल तर गाडी घेणाऱ्याने आणि फॅब्रिकेटरने तो अंदाजाने ठरवू नये. हुक लावण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. अपघातानंतर विमा कंपनी ते तुमच्याआधी वाचते.

तिसरी गोष्ट सरकारला किंवा कंपनीला मागायची नाही, आपली आपण करायची. तोफ जोडली की नंबर वन स्वतः चालत मागे जातो. हुक बंद, पिन आत, साखळ्या लावलेल्या, टायरची हवा, टेल लाइट. कॉन्व्हॉय निघाल्यावर पहिला हॉल्ट लवकर घेतात. तिथे उतरून प्रत्येक हबजवळ हात नेऊन बघायचं, तापलाय का. कर्नल असो की ब्रिगेडियर, निवृत्त झाल्यावर आपल्या कॅरॅव्हॅनचा नंबर वन आपणच. 'बघितलंय रे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, तो म्हणणारा आपण स्वतः असलो तरी.

कोर्समेट दिवसभर फारसं बोलला नाही. संध्याकाळी त्याने विचारलं, "तू माझ्या जागी असतास तर?" मी त्याला पाण्याच्या ट्रेलरची गोष्ट सांगितली. बावीस वर्षांच्या दोस्तीत ती मी त्याला पहिल्यांदाच सांगत होतो.

सोमवारी पहाटे ती दोघं एसयूव्हीत तंबू टाकून निघाली. कॅरॅव्हॅन माझ्या क्वार्टरमागे उभा आहे, चाकांना विटा लावलेल्या. केलाँगहून त्याचा फोन आला. रात्री तंबूत थंडी वाजली म्हणून वहिनी माझ्यावर चिडल्या आहेत. त्याने ब्रेक असलेल्या ॲक्सलची ऑर्डर दिली आहे. पाण्याची टाकी पुढे घ्यायची आहे, हुक योग्य जागेवरून काढून नव्याने बसवायचा आहे. तोवर संध्याकाळी माझी मुलगी त्या निळ्या पडद्यांमागे बसून अभ्यास करते.