मशीन त्यांचं, दांडा तुमचा



मागच्या बॅचमध्ये एका मुलाने ब्रेकमध्ये मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, स्वतःचा ब्रँड काढल्याशिवाय माणूस मोठा होतो का हो?" त्याचा प्लॅन तयार होता. घरगुती आटाचक्की, वरती स्वतःचं नाव, पहिला लॉट पन्नास नगांचा. भांडवल सहा लाख. ते पैसे कुठून आले विचारलं, तर म्हणाला, "पप्पा यंदा रिटायर झाले."

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. एक दांडा दाखवला. मोबाईलवर फोटो होता. काळा, सरळ, कार्बन फायबरचा दांडा. त्याला वाटलं फिशिंग रॉड आहे. तो मेटल डिटेक्टरचा दांडा होता, आणि मूळ कंपनीने बनवलेला नव्हता. त्या दांड्याची गोष्ट मी त्याला सांगितली, तीच आज तुम्हाला सांगतो. कारण माझं ठाम मत आहे की आपल्याकडे नवीन उद्योजकाला "ब्रँड काढ, ब्रँड काढ" असं जे सांगितलं जातं, त्यात कित्येक घरांची पुंजी बुडते.

आधी हे मार्केट समजून घ्या

ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे मेटल डिटेक्टर घेऊन शेतात, समुद्रकिनाऱ्यावर फिरणं हा मोठा छंद आहे. कुणाला जुनी नाणी हवी असतात, कुणाला किनाऱ्यावर हरवलेल्या अंगठ्या, तर ऑस्ट्रेलियात लोक खरोखर सोन्याचे खडे शोधतात. ब्रिटनमध्ये तर यासाठी १९९६ चा खजिन्याचा कायदा आहे आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी सरकारी योजना १९९७ पासून चालू आहे. म्हणजे हा चार वेड्यांचा खेळ नाही. यात नियमित पैसा खर्च करणारा ग्राहक आहे.

आता मशीन बघा. माइनलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०१८ मध्ये इक्विनॉक्स ८०० बाजारात आणलं. अमेरिकेत किंमत ८९९ डॉलर. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन, लोकांनी डोक्यावर घेतलं. त्याचं सर्किट, कॉइल, सॉफ्टवेअर यात तुम्ही-आम्ही काय, मोठमोठ्यांनाही टक्कर देणं अवघड.

पण त्याचा दांडा? तीन तुकड्यांचा. जोडाच्या ठिकाणी थोडा ढिला. कॉइल डावी-उजवी फिरवली की खालचा भाग डुगडुगतो, अशी वापरणाऱ्यांची तक्रार. गाठोडं करून बॅगेत टाकावं इतका तो लहानही होत नव्हता.

कंपनीचं सगळं लक्ष डोक्यावर होतं, हातापायांवर कमी. आणि तिथेच छोट्या वर्कशॉपवाल्यांना जागा मिळाली. अमेरिकेत स्टीव्ह्ज डिटेक्टर रॉड्स, ऑस्ट्रेलियात डिटेक्ट-एड अशा छोट्या कंपन्या कार्बन फायबरचे दांडे बनवून विकतात. साधारण शंभर ते दोनशे डॉलरच्या घरात. लक्षात घ्या, ९०० डॉलरच्या मशीनचा मालक नुसत्या दांड्यासाठी इतके पैसे मोजतो. आणि खुशीने मोजतो.

तो पैसे का मोजतो?

इथे थांबा आणि नीट वाचा, कारण धंदा इथे आहे.

पहिलं कारण, हात दुखतो. इक्विनॉक्सचं वजन सुमारे १.३४ किलो. ऐकायला काहीच नाही. पण भरलेला तांब्या छातीशी धरून उभे राहा, आणि मग तोच तांब्या हात लांब करून धरा. फरक कळेल. कॉइल हातापासून जवळजवळ मीटरभर लांब असते, आणि ती माणूस पाच-सहा तास झुलवतो. म्हणून दांडेवाले नुसतं वजन कमी करत नाहीत, कोपराच्या मागे उलटं वजन लावायची सोयही विकतात. एकूण वजन वाढतं, पण मनगटावरचा ताण कमी होतो. ही गोष्ट वापरणाऱ्यालाच सुचते, केबिनमध्ये बसणाऱ्याला नाही.

दुसरं कारण, उंची. सहा फूट चार इंचाच्या माणसाला कंपनीचा दांडा आखूड पडतो, तो दिवसभर वाकून चालतो. लहान मुलाला तोच लांब पडतो.

तिसरं, किनाऱ्यावरची वाळू आणि खारं पाणी. फिरवून घट्ट करायच्या लॉकमध्ये वाळू गेली की तो घसरायला लागतो, नाहीतर अडकून बसतो.

चौथं, प्रवास. विमानाच्या बॅगेत मावणारा दांडा हवा.

पाचवं माझं सगळ्यात आवडतं. मशीन चांगलं आहे, पण कंपनीच राहिली नाही. अमेरिकेतली व्हाइट्स ही जुनी, नावाजलेली डिटेक्टर कंपनी २०२० मध्ये बंद झाली. तिची मशीन काय त्या दिवशी बंद पडली का? नाही. ती लोकांच्या हातात आहेत आणि त्यांचे दांडे कधी ना कधी मोडणारच. आपल्याकडे जुन्या चेतक स्कूटरचं बघा. कारखान्यातून ती येणं बंद होऊन किती वर्षं झाली, पण क्लच प्लेट अजून मिळते आणि ती विकणाऱ्याचं घर अजून चालतं.

मी हे शिकलो ते पैसे भरून

आता तुम्ही म्हणाल, सर परदेशातल्या गोष्टी सांगतात. तर माझी सांगतो.

२०१७ मध्ये मी स्वतःच्या नावाचा मिक्सर काढला होता. बीबीए झालेलो, ब्रँडिंगची पुस्तकं वाचलेली, डोक्यात हवा. बाहेरच्या राज्यातल्या एका सप्लायरकडून शंभर पीस तयार घेतले, वर आपला स्टिकर. बॉक्स इतका भारी छापला की बायको म्हणाली, "बॉक्सच विका." अडतीस पीस गेले. त्यातले अकरा वॉरंटीत परत आले. सप्लायरने फोन उचलणं बंद केलं. तीन लाखांच्या वर खड्डा पडला.

त्या वर्षी दुकान कशाने तरलं, माहितीये? कपलरने. मिक्सरच्या भांड्याखाली आणि मोटरवर जो छोटा दातेरी तुकडा असतो ना, तो. मला चौदा-पंधरा रुपयांना पडायचा, बसवून चाळीस रुपये. शिवाय भांड्याचं वायसर, कुकरची रिंग, ब्लेड. गिऱ्हाईक दुसऱ्याच ब्रँडचा मिक्सर घेऊन यायचं, जाहिरातीचे कोट्यवधी त्या कंपनीने खर्च केलेले, आणि काउंटरवर नोट माझ्या हातात पडायची.

माझ्या नावाचा मिक्सर कुणाला नको होता. पण माझ्याकडचा कपलर सगळ्यांना हवा होता.

"पण सर, हे दुसऱ्याच्या जिवावर जगणं नाही का?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. बरोबर आहे, धोका आहे, आणि तो मी लपवणार नाही. माइनलॅबने पुढच्या पिढीच्या इक्विनॉक्स ७०० आणि ९०० ला स्वतःच कार्बन फायबरचा, मिटवता येणारा दांडा दिला. म्हणजे ज्या दुखण्यावर छोटे लोक औषध विकत होते, ते दुखणं कंपनीने स्वतःच बरं केलं. एकाच मॉडेलवर ज्याची सगळी मदार असेल, त्याला हा फटका बसणारच.

म्हणून नियम पहिला: एका मशीनवर संसार उभा करू नका. पाच कंपन्यांच्या दहा मॉडेलना बसणारे पार्ट ठेवा. जुन्या मॉडेलचे पार्ट सोडू नका, कारण कंपनी सोडते तिथे तुम्ही उभे राहता.

नियम दुसरा: "सुटं काय, कुणीही बनवेल" असं समजू नका. दांडा म्हणजे नुसती नळी नाही. कॉइलजवळ धातू आला की मशीन त्याचीच नोंद घेतं, म्हणून तिथला बोल्टसुद्धा प्लास्टिकचा असतो. कार्बन फायबरमधूनही वीज वाहते, म्हणून कॉइलला जोडणाऱ्या टोकाला काय वापरायचं याचा विचार करावा लागतो. भोकाचं अंतर दोन मिलिमीटर चुकलं की स्प्रिंगचं बटण बसत नाही. नळीचा व्यास किंचित कमी पडला की पुन्हा तेच डुगडुगणं, मग गिऱ्हाइकाने मूळ दांडा टाकून तुमचा का घ्यायचा? कपलरचंही तसंच. हलक्या रबराचा घेतला की महिन्यात दाते झिजतात आणि बाई पुन्हा दारात उभी. या वेळी गिऱ्हाईक म्हणून नाही, भांडायला.

नियम तिसरा: नकली आणि पर्यायी यातली रेषा ओलांडू नका. "अमुक मॉडेलला बसतो" असं लिहिणं वेगळं, आणि त्या कंपनीचा लोगो छापून विकणं वेगळं. आपल्या १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात, कलम ३० मध्ये, सुटा भाग कशाला बसतो हे सांगण्यापुरतं दुसऱ्याचं नाव वापरायला मुभा आहे. पण माल त्यांचाच आहे असं भासवलं की गेलात. आणि पार्टवर पेटंट किंवा नोंदलेलं डिझाइन आहे का, हे आधी वकिलाकडून तपासून घ्या. दोन-पाच हजार जातील, जाऊ द्या.

आणि एक स्पष्ट सांगतो. हे वाचून कुणी डिटेक्टरचे दांडे बनवायला घेऊ नका. आपल्याकडे या छंदाचं मार्केट नाही, त्याला कारणं आहेत. १८७८ च्या कायद्याने जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं घबाड कलेक्टरला कळवावं लागतं, आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. गडावर मशीन घेऊन जायचं खूळ डोक्यात असेल तर काढून टाका. दांड्याची नक्कल करायची नाही, विचाराची करायची.

तुमचा दांडा कसा शोधायचा?

एखाद्या चांगल्या मेकॅनिककडे पंधरा दिवस बसा. फुकट काम करा, चहा आणून द्या. एक वही ठेवा आणि रोज तीनच गोष्टी लिहा: काय मोडलं, ते मिळायला किती दिवस लागले, गिऱ्हाईक काय म्हणून वैतागलं. पंधरा दिवसांनी वहीत जे नाव सगळ्यात जास्त वेळा येईल, तिथे तुमचा धंदा दडलेला आहे.

मग मूळ पार्ट दोन-तीन विकत आणा, व्हर्नियरने मापं घ्या. डाय बनवायला लाख रुपये घालू नका. आधी लेथवाल्याकडून वीस नग करून घ्या. वीस नग दहा मेकॅनिकना द्या आणि महिनाभर थांबा. परत किती आले ते बघा. वीसमधले चार परत आले तर माल सुधारा. एकही आला नाही आणि मेकॅनिकने स्वतःहून फोन केला, तर मग डायचा विचार करा.

ब्रँड नंतर आपोआप होतो. "त्या पोराकडचा पार्ट टिकतो" हे मेकॅनिकने म्हणणं म्हणजेच ब्रँड.

त्या मुलाचं काय झालं, विचाराल. मी त्याला पन्नास चक्क्यांची ऑर्डर थांबवायला सांगितली आणि आटाचक्की दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे पाठवलं. गेल्या आठवड्यात तो वही घेऊन आला. सोळा दिवसांत एकतीस चक्क्या. त्यातल्या बारांची जाळी खराब, आणि सातांची पिठाची कापडी पिशवी फाटलेली. जाळीला चार-चार दिवस थांबावं लागतंय. आता त्याने अठरा हजारांत जाळ्या आणि पिशव्यांचा पहिला लॉट करायला टाकलाय.

चालेल की नाही, मला माहीत नाही. कदाचित नाही चालणार. पण नाही चालला तर अठरा हजार जातील. पप्पांचे बाकीचे पाच लाख ब्याऐंशी हजार बँकेत असतील, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर त्याला बापाच्या नजरेला नजर देता येईल.

तुम्हीही वही उघडा. पंधरा दिवसांनी काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.