केबल तुटली हे मशीन सांगेल, पण मोखाड्याच्या घाटात जाणार कोण?

मुंबईत घरातलं वायफाय गेलं तर आपण दोन मिनिटं वैतागतो आणि फोनचा डेटा चालू करतो. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात ही सोय सगळीकडे नाही. कित्येक पाड्यांवर रेंजसाठी आजही टेकाड चढावं लागतं. कामं मात्र सगळी ऑनलाइन झालीत. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लावायचा, बँकेतले पैसे आधारवर काढायचे. रोजगार हमीची हजेरीसुद्धा 2023 पासून ॲपवर गेली. अशा वेळी रस्त्याकडेची एक केबल तुटली, तर मजुरी बुडवून रांगेत उभा राहिलेला माणूस रिकामी पिशवी घेऊन परत जातो.

मग जमिनीखालच्या या केबलवर लक्ष कोण ठेवतं, आणि कसं?

आधी बघू, केबल तोडतं कोण

केबलची सुरक्षा म्हटलं की डोळ्यांसमोर हॅकर येतो, नाहीतर एखादा गुप्तहेर. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो जेसीबी असतो.

कधी तर जेसीबीही लागत नाही. मार्च 2011 मध्ये जॉर्जिया देशात 75 वर्षांच्या एक आजी भंगारासाठी तांबं शोधत जमीन उकरत होत्या. फावडं ऑप्टिकल फायबरला लागलं आणि शेजारच्या आर्मेनिया देशातलं इंटरनेट कित्येक तास बंद पडलं. आजींना तांबं मिळालं नाहीच. फायबर म्हणजे काचेचा केसाएवढा धागा, त्याला भंगारात किंमत नाही. पण हे चोराला कळतं ते केबल कापून झाल्यावर.

आपल्याकडे समन्वयाविना होणाऱ्या खोदकामामुळे दरवर्षी सुमारे 3,000 कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं केंद्र सरकारच सांगतं.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात अडचण आणखी वाढते. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या भारतनेटच्या निकषाप्रमाणे साध्या जमिनीत केबल 1.65 मीटर खोल टाकायची असते. इथे दोन फुटांवर काळा पाषाण लागतो. मग केबल उथळ टाकून वरून काँक्रीट करायचं, असा मार्ग निघतो. त्याच रस्त्याकडेने जलजीवनची पाइपलाइन जाते, रस्त्याचं रुंदीकरणही तिथेच होतं. वर चार महिन्यांचा धुवाधार पाऊस, घाटात कडेची माती वाहून जाते आणि पुरलेली केबल उघडी पडते.

मशीन काय करतं?

जुनं आणि भरवशाचं यंत्र म्हणजे ओटीडीआर. केबलच्या एका टोकाकडून प्रकाशाचा झोत सोडायचा. जिथे तुटलंय तिथून प्रकाश परत येतो. फायबरमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर, त्यामुळे जाऊन यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं.

यात एक गोम आहे. यंत्र केबलची लांबी मोजतं, रस्त्याची नाही. दुरुस्तीसाठी जागोजागी चेंबरमध्ये केबलची वेटोळी ठेवलेली असतात. यंत्र म्हणतं 14 किलोमीटर, पण तिथे जाऊन खोदलं तर केबल धडधाकट. टाकताना काढलेला नकाशा नीट नसेल तर अर्धा दिवस शोधाशोधीतच जातो.

दुसरं तंत्र तुटण्याआधीच सावध करतं. त्याचं नाव डीएएस. यात फायबरच कान बनतो. जमीन हादरली की आतून परतणाऱ्या प्रकाशात सूक्ष्म बदल होतो आणि सॉफ्टवेअर ओळखतं की ही कुदळ आहे, जेसीबी आहे की नुसतं गुरं चाललंय. हे स्वप्नरंजन नाही. ईशान्य सीमा रेल्वेने याच तंत्रावर 'गजराज' यंत्रणा उभी केली, रुळांजवळ आलेला हत्ती पावलांच्या हादऱ्यांवरून कळावा म्हणून. तेलाच्या पाइपलाइनवरही ते वापरतात.

एक डीएएस यंत्र साधारण 40 किलोमीटरपर्यंत ऐकू शकतं. जव्हार ते मोखाडा रस्ता वीस-पंचवीस किलोमीटरचा. म्हणजे जव्हारला बसवलेलं एक यंत्र मोखाड्यापर्यंतची प्रत्येक कुदळ ऐकेल. पण ते महाग आहे, आणि पाऊस-ओढ्यांच्या गोंगाटात खोटे अलार्म येऊ नयेत म्हणून त्याला त्या जागेची सवय लावावी लागते.

आवारात आल्यावर काय?

रुग्णालय किंवा तहसील कचेरीच्या आवारात केबल शिरते तिथे एक चेंबर असतो. खरी कमजोर जागा तीच. 16 एप्रिल 2013 ला कॅलिफोर्नियातल्या मेटकाफ वीज उपकेंद्रावर हल्ला झाला. हल्लेखोरांनी आधी जवळच्या भूमिगत चेंबरमध्ये उतरून फोनच्या केबल कापल्या, मग ट्रान्सफॉर्मरवर गोळ्या झाडल्या.

आपल्याकडे बंदुका सोडा, पण चेंबरच्या झाकणाला कुलूप आणि झाकण उघडलं की वाजणारा साधा सेन्सर, एवढं तरी हवंच. त्याहून मोठी चूक वेगळीच असते. 'बॅकअप' म्हणून दोन कंपन्यांची कनेक्शनं घेतली जातात आणि दोन्ही केबल एकाच चरातून आत येतात. जेसीबीचा एक दात, दोन्ही बंद. कागदावर दोन कनेक्शनं, जमिनीत एकच.

कायदा आहे, ॲपही आहे

22 मार्च 2023 ला 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झालं. खोदणाऱ्याने जागा कळवायची, की तिथे केबल-पाइप असलेल्यांना सूचना जाते. नव्या दूरसंचार कायद्याचं कलम 42 जून 2024 पासून लागू आहे. केबलचं नुकसान केलं तर भरपाई आणि 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता खरं सांगा, पोटठेकेदाराने रोजावर आणलेला जेसीबीवाला हे ॲप उघडणार आहे का? आणि उघडलं तरी, केबलच्या मालकाने आपली लाइन नकाशावर नोंदवली असेल तरच त्याचा उपयोग. माझ्या मते डीएएसच्या आधी इथे पैसे खर्च व्हायला हवेत: नीट नकाशा, दिसतील असे खुणेचे दगड, आणि तालुक्यातच राहणारा, फायबर जोडायचं मशीन हाताशी असलेला तंत्रज्ञ. अलार्म सेकंदात येतो. माणूस पालघरहून निघाला तर जव्हार गाठेपर्यंतच दोनेक तास जातात.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला 1.39 लाख कोटींची मंजुरी दिली. त्यात केबल सरळ रेषेत न टाकता रिंगमध्ये जोडायची, म्हणजे एका बाजूने तुटली तर डेटा दुसऱ्या बाजूने येईल, असं ठरलंय. जव्हार-मोखाड्याला हे जमण्यासारखं आहे, कारण हा रस्ता एकीकडे विक्रमगड-मनोरला आणि दुसरीकडे त्र्यंबकेश्वरला निघतो. तोरंगण घाटात दरड आली तरी मनोरची बाजू चालू राहू शकते. पण मुख्य रस्ता सोडून आत, जिथे एकच वाट जाते आणि तिथेच संपते, त्या गावांना रिंग कुठून करणार, याचं उत्तर जमिनीखाली नाही. तिथे टॉवर किंवा सॅटेलाइटचा विचार करावा लागेल.