नंबर बरोबर, बूट चुकीचा

बुटाच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘नंबर काय?’ गिऱ्हाईक आठ किंवा नऊ म्हणते, आतून खोका येतो, गुळगुळीत फरशीवर चार पावले चालून पाहिली जातात आणि व्यवहार संपतो. ऑफिसला घालायच्या बुटासाठी एवढे पुरतेही. डोंगरासाठी पुरत नाही. राजगडाची किंवा रतनगडाची वाट उतरताना पायाचे जे काही होते, ते या चार पावलांत कळत नाही. डोंगरात घालायचा बूट निवडताना ब्रँड, किंमत, ‘वॉटरप्रूफ’चे लेबल आणि घोट्यापर्यंतची उंची या सगळ्यांच्या आधी तो पायात नीट बसतो का, हे पाहायला हवे. प्रत्यक्षात याच गोष्टीला सर्वांत कमी वेळ दिला जातो.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या मागच्या पिढीने ‘हंटर शूज’ वापरले. हिरव्या कॅनव्हासचे, घोट्याच्या वर येणारे, रबरी तळाचे बूट. शिकारीला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पायबंद घातला, बुटाचे नाव तेवढे मागे राहिले. त्या बुटात ना गादी होती ना कमानीला आधार, पण एक गुण होता. कॅनव्हास मऊ असल्यामुळे तो पायाच्या आकाराशी जुळवून घेई. आजचे ट्रेकिंगचे बूट त्याहून कितीतरी सरस आहेत. मात्र त्यांचा पुढचा भाग टणक, टाच घट्ट आणि वरचे कापड फारसे न ताणणारे असते. बूट जितका भक्कम, तितके चुकलेले माप पायाला भोगावे लागते.

मुळात नंबर म्हणजे काय? आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत एका नंबरचा फरक इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. युरोपीय पद्धतीत तो पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. दोन्हींत मोजली जाते ती लांबी. पंजाची रुंदी, पावलाच्या वरच्या भागाची उंची, टाच अरुंद की भरीव, यातले काहीच नंबर सांगत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा, त्यामुळे एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या नऊला भिडतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील 1 लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात, असे त्यातून दिसले. भारतीय पायांसाठी ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली, ती त्यावरूनच. तोवर दुकानात काय होते? पंजा आवळतो म्हणून एक नंबर मोठा बूट घेतला जातो. रुंदीची गरज लांबीने भागवली जाते, आणि टाच आत सैल राहते.

याचा हिशेब उतारावर चुकता होतो. चढताना भार पंजावर असतो आणि दम लागतो, म्हणून लोकांना चढणच कठीण वाटते. पण 600 मीटरची उंची उतरायची, एका पावलाला 20 सेंटिमीटर धरले, तर 3,000 पावले पडतात. एकेका पायाच्या वाट्याला दीड हजार. टाच सैल असेल तर प्रत्येक वेळी पाऊल आत पुढे सरकते आणि बोटे बुटाच्या टोकावर आदळतात. नखाखाली रक्त साकळते, नख काळे पडते, काही आठवड्यांनी गळूनही जाते. टाचेवरच्या फोडाचे कारणही असेच. बूट कातडीवर नुसता घासतो असे नाही, तर हाड आत एकीकडे आणि कातडी मोज्याला चिकटून दुसरीकडे ओढली जाते. त्या ताणाने कातडीचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरते. ओल्या कातडीला हे लवकर होते, म्हणून पावसाळी ट्रेकला सुती मोजे वाईट.

फोड म्हणजे किरकोळ बाब, असे मानायची सवय आहे. दुखरी टाच वाचवण्यासाठी माणूस पाऊल वाकडे टाकू लागतो, आणि घसाऱ्यावर किंवा शेवाळलेल्या कातळावर वाकडे पाऊल म्हणजे मुरगळलेला घोटा किंवा त्याहून वाईट. कातडी सुटलेल्या जागेवरून चिखलपाणी जात राहिले, तर लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूंनाही दार उघडे मिळते.

दुकानात यासाठी अर्धा तास काढावा. संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि डोंगरातही ते सुजणारच आहेत. ट्रेकला घालायचे मोजे सोबत न्यावेत. दोन्ही पाय उभे राहून मोजावेत. बसून मोजलेला पाय आखूड भरतो. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, बूट त्याच्या मापाचा घ्यावा. आतला सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभे राहिले की पंजा कडेने बाहेर येतो का, ते डोळ्यांनी दिसते. मग नाड्या सैल ठेवून पाऊल पुढे सरकवावे, बोटे टोकाला टेकली की टाचेमागे हाताचे एक बोट जेमतेम जावे. नाड्या आवळल्यावर मात्र टाच उचलली जाता कामा नये. शेवटी दुकानाचा जिना. तो उतरून पाहावा, दोनदा, तीनदा, पाय जरा आपटत. बोटे टोकाला लागली तर तो बूट परत खोक्यात. ‘वापरून सैल होईल’ हे विक्रेत्याचे आवडते वाक्य चामड्याच्या रुंदीबाबत थोडेफार खरे आहे. लांबी वाढत नाही, कृत्रिम कापड तर जवळपास काहीच सोडत नाही.

उंच बुटाने घोटा मुरगळत नाही, हा समज पक्का आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळणाऱ्या 622 जणांवर झालेल्या आणि 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उंच आणि बुटक्या बुटांमध्ये मुरगळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मैदान म्हणजे डोंगर नव्हे, हे खरे. उंच बूट खडे, काटे आणि दगडाच्या घावापासून घोटा राखतो, पण मुरगळण्याविरुद्ध त्याची हमी धरू नये. वजनाचेही तसेच. पायातले वजन पाठीवरच्या वजनाच्या साधारण पाचपट शक्ती खाते. म्हणजे जोडी अर्धा किलोने जड असली तर सॅकमध्ये अडीच किलो वाढल्यासारखे होते. वॉटरप्रूफ पडद्याचा बूट हिमालयातल्या बर्फात कामाचा. कोकणकड्याच्या पावसात पाणी वरून, पायावरून ओघळत आत शिरते आणि तोच पडदा ते आत अडवून ठेवतो. इथे पाणी आत येणारच असे धरून ते लवकर बाहेर टाकणारा बूट बरा.

गावातला वाटाड्या साध्या चपलेवर, कधी अनवाणीही कडा चढतो, मग शहरी माणसाला एवढे सोपस्कार कशाला, असेही विचारले जाते. लहानपणापासून अनवाणी चाललेल्या पायाचा पंजा पसरट होतो आणि तळवा जाड. केनियातील आणि अमेरिकेतील लोकांवर झालेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तळव्याची कातडी जाड असूनही त्याची स्पर्शाची जाण कमी होत नाही, असे दिसले. तो पाय घडायला आयुष्य लागते, शनिवार-रविवार पुरत नाही. आणि वाटाड्यालाही काटा रुततोच; त्याची चपल पुष्कळदा आवड नसून परवडण्याचा प्रश्न असतो.

खरी चिंता आहे ती मधुमेह असलेल्या ट्रेकरची. भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 2023 मध्ये आयसीएमआरच्या अभ्यासाने दिला आणि चाळिशीनंतर व्यायाम म्हणून किल्ल्यांकडे वळणारे त्यात कमी नसतील. ज्यांच्या पायाच्या नसांची जाणीव कमी झाली आहे, त्यांना बूट चावल्याचे कळतच नाही. अशांनी ‘दुखत नाही, म्हणजे बसला’ ही कसोटी वापरू नये. बूट घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून पायांची जाणीव तपासून घ्यावी, आणि डोंगरात दर थांब्यावर मोजे काढून तळवे, बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी पाहाव्यात. चालायला जाऊ नये असे नाही. बुटाबाबत मात्र त्यांना सूट नाही.

सेलमध्ये स्वस्तात मिळणारा जुना माल घेताना एक गोष्ट पाहावी. अनेक बुटांच्या तळातला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो न वापरताही वर्षानुवर्षांत कुजतो. मग वर चकचकीत दिसणाऱ्या बुटाचा सोल पहिल्याच ट्रेकला भर वाटेत सुटून हातात येतो. कपाटात पडून राहिलेल्या आपल्याच बुटाचेही असेच होते, म्हणून निघण्याच्या आधी दोन आठवडे तो रोजच्या चालण्यात वापरावा.

हौसेने चालणारा न बसणारा बूट टाकून दुसरा घेऊ शकतो. मेळघाटात किंवा ताडोब्यात रोज गस्त घालणाऱ्या वनरक्षकासाठी बूट हे कामाचे अवजार आहे. अशा कर्मचाऱ्यांसाठी घाऊक खरेदी करताना यादीत नुसता नंबर लिहून चालणार नाही. प्रत्येकाच्या पायाची लांबी आणि पंजाची रुंदी नोंदवावी, एकाच नंबरात किमान दोन रुंदी मागवाव्यात आणि न बसलेला जोड बदलून देण्याची अट निविदेतच घालावी. मापे घ्यायला कागद, पेन्सिल आणि फूटपट्टी पुरते. एका माणसामागे पाच मिनिटे.