डोंगर एकच, नावे दोन!

मुंबई-पुणे गाडी खंडाळ्याजवळ आली की खिडकीपाशी गर्दी होते. ‘तो बघ, ड्यूक्स नोज!’ एखादा कॉलेजकुमार मित्राला दाखवतो. शेजारच्या आजीबाई म्हणतात, ‘अरे, ती आमची नागफणी!’ कडा तोच. एकाला त्यात नाक दिसते, दुसऱ्याला नागाचा फणा.

हे नाक कोणाचे? आर्थर वेलस्लीचे, म्हणजे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे. त्याचे बाकदार नाक इंग्लंडात फार प्रसिद्ध होते. हा गृहस्थ आपल्यालाही परका नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव त्यानेच केला होता. ज्याने मराठ्यांना हरवले, त्याचेच नाक सह्याद्रीला चिकटले!

महाबळेश्वरला तर पाहुण्यांच्या नावांची रांगच लागलेली आहे. १८२४ मध्ये पीटर लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी हा डोंगर चढून आला. तिथे येणारा तो पहिला युरोपियन मानला जातो. पुढे त्याच्या मुलाने १८७४ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला आणि आधीच्या ‘सिडनी पॉइंट’चा ‘लॉडविक पॉइंट’ झाला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यावरून बाजारपेठ ‘माल्कम पेठ’ झाली, तर त्यांची कन्या केट हिच्यावरून ‘केट्स पॉइंट’. त्या जागेचे जुने नाव होते नाकेखिंड. सूर्योदय पाहण्यासाठी पहाटे जिथे झुंबड उडते, तो महाबळेश्वरातला सर्वांत उंच माथा मुळात सिंदोळा. १९२३ ते १९२८ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर लेस्ली विल्सन यांच्यामुळे तो ‘विल्सन पॉइंट’ झाला.

साहेबाच्या नावाने साहेब कळतो, जागा कळत नाही. गावकऱ्याने दिलेले नाव मात्र जागेची ओळख करून देते. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात ‘रांजणखळगे’ आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे वर्षानुवर्षे गरगरत राहिले आणि त्यांनी काळ्या कातळात खोल, गोल खड्डे कोरले. ज्याने घरात पाण्याचा रांजण पाहिला आहे, त्याला ते दृश्य न बघताही डोळ्यांपुढे उभे राहते.

पाहुण्यांनी नावे ठेवण्याचा हा प्रकार जगभर चालतो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या कोरड्या प्रदेशात कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅनियन ही अवाढव्य दरी आहे. तिथल्या सुळक्यांना चक्क ‘विष्णू टेंपल’ आणि ‘शिवा टेंपल’ म्हणतात! कोणी भारतीय तिथे गेला होता, असे नाही. क्लॅरेन्स डटन या अमेरिकन भूगर्भतज्ज्ञाला त्या उंचच उंच खडकांत पूर्वेकडची देवळे दिसली. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथानंतर ही नावे रूढ झाली.

आपल्याला हे वाचून बरे वाटते. पण त्या दरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हवासुपाई लोकांना काय वाटत असेल? दरीतल्या एका झऱ्याकाठी ते शेती करत. तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९२८ मध्ये त्यांच्यातल्या शेवटच्या रहिवाशालाही तिथून बाहेर काढण्यात आले. जागेचे नाव मात्र ‘इंडियन गार्डन’ असेच चालू राहिले. माणसे गेली, नावातही कोणाची नेमकी ओळख उरली नाही. अखेर त्यांच्याच मागणीवरून नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या जागेचे नाव ‘हवासुपाई गार्डन्स’ असे झाले. गेलेली जमीन काही परत मिळाली नाही, पण ती कोणाची होती, हे आता प्रत्येक पाटी सांगते.

आपल्याकडे पाटी बदलण्याआधीच जुनी नावे विसरली जात आहेत. नागफणी टिकली, कारण ती लोकांच्या तोंडी राहिली. पण प्रत्येक टेकडीला, ओढ्याला, डोहाला असे नशीब लाभत नाही. ती नावे नकाशात नसतात, आजी-आजोबांच्या आठवणीत असतात.

सुट्टीत मुले गावी जातील, तेव्हा त्यांच्या हाती एक वही द्या. समोरच्या डोंगराला काय म्हणतात, आणि का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घेऊ द्या. सांगणारे आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.