पोलादाची कवचकुंडले

गेल्या रविवारी तेलीबागेतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी नेहमीची मंडळी जमली होती. पोहे झाले, चहा झाला, पुष्पक एक्सप्रेसच्या आरक्षणाचे रडगाणे झाले आणि मग बोलणे परदेशी पोलादावरील जकातीकडे वळले. ३० डिसेंबर २०२५ रोजी ही जकात तीन वर्षांसाठी कायम झाल्याबद्दल सर्वांनी एकमुखाने समाधान व्यक्त केले. एकाने न्यायमूर्ती रानड्यांचे नाव घेतले, दुसऱ्याने लोकमान्यांचे स्मरण केले, आणि तिसऱ्याने अमेरिकेच्या अध्यक्षांस चार शेलक्या शिव्या हासडल्या. महाराष्ट्राबाहेर आलेले चार मराठी नोकरदार एखाद्या गोष्टीवर एकमत होतात, ही घटनाच इतकी दुर्मीळ की ते एकमत तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट. आम्ही केंद्र सरकारचे कारकून आहोत. १९६४ च्या आचरण नियमांतील नववा नियम आम्हांस पाठ आहे, आणि सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करण्याचा आमचा अधिकारही नाही, हेतूही नाही. जकात बसवावी की नाही, हे ठरविणारे ठरवितात. आमच्यासारखे त्या कागदावर आवक क्रमांक घालतात. आमचा वाद आहे तो आमच्याच दिवाणखान्यातील टाळ्यांशी. टाळी वाजविण्यापूर्वी ती कोणाच्या खर्चाने वाजते याचा हिशेब मागण्यास कोणताही नियम आड येत नाही.

आता वस्तुस्थिती पाहू. २०२४-२५ या वर्षात आपल्या देशात सुमारे ९५ लाख टन तयार पोलाद बाहेरून आले. चीनमधून २०२४ साली जगभर दहा कोटी टनांहून अधिक पोलाद बाहेर पडले. त्या लोंढ्यापुढे भाव कोसळले आणि देशी कारखानदारांनी संरक्षण मागितले. २१ एप्रिल २०२५ रोजी दोनशे दिवसांसाठी बारा टक्क्यांची संरक्षक जकात बसली. पुढे वर्षअखेरच्या अधिसूचनेने ती तीन वर्षांची झाली : पहिल्या वर्षी १२ टक्के, दुसऱ्या वर्षी ११.५ आणि तिसऱ्या वर्षी ११. ठराविक भावाहून महाग असलेल्या मालास तीतून सूट आहे. ही जकात सळईवर नाही. ती सपाट पोलादावर, म्हणजे पत्रा, गुंडाळी आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा यांवर आहे. आमच्या बैठकीत घर बांधावयास काढलेले एक गृहस्थ सळईच्या भावाची चिंता करीत होते, आणि तरीही जकातीचे स्वागत करीत होते. त्यांस आपण कशाला विरोध करावयाचा आणि कशाचे स्वागत करावयाचे, दोन्ही ठाऊक नव्हते. देशभक्तीस इतकी अल्प माहिती पुरते, हे पाहून आम्ही थक्क झालो.

आमच्या घराजवळ, रायबरेली रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या आणि कूलरची खोकी करणारा एक वृद्ध कारागीर बसतो. इकडे पत्र्यास चादर म्हणतात. २०२५ च्या उन्हाळ्यात, कूलरच्या ऐन हंगामात, आम्ही त्याच्याकडे गेलो असता तो म्हणाला, "बाबूजी, चादर ओढ़ने की चीज़ है, अब तो चादर ही उतार लेगी." हाताखालचा मुलगा दिसत नव्हता. विचारले तेव्हा कळले, त्यास गावी धाडले आहे. दोघांचे भागत नाही. या म्हाताऱ्याने चीनचा पत्रा जन्मात विकत घेतलेला नाही. मग जकातीचा चटका त्यास का बसावा? कारण सोपे आहे. देशी पत्र्याचा भाव बंदरात उतरणाऱ्या परदेशी पत्र्याच्या भावाकडे डोळा ठेवून ठरतो. बंदरातील भिंत बारा टक्क्यांनी उंच झाली, की आतल्या कारखानदारास तितके वर सरकण्यास जागा मिळते. ती जागा तो प्रत्येक वेळी पुरी वापरतो असे नव्हे. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात भाव पुन्हा उतरलेही. परंतु कूलर उन्हाळ्यात विकतात. दिवाळीत उतरलेल्या भावाने ज्येष्ठातली चूल पेटत नाही.

येथे आम्हां नोकरदारांविषयी एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. भाव वाढले की वर्षातून दोनदा आमचा महागाई भत्ता वाढतो. जानेवारी आणि जुलै हे आमचे दोन पावसाळे. त्या पेटीवाल्यास असा भत्ता कोणी देत नाही. तेव्हा स्वदेशीच्या नावाने महागाईचे स्वागत करणे आम्हांस फारच स्वस्त पडते. लोकमान्यांच्या काळी स्वदेशीचे व्रत घेणारा जाडाभरडा कपडा स्वतःच्या अंगावर घालीत असे. आमच्या स्वदेशीचा खरखरीत कपडा दुसऱ्याच्या अंगावर पडतो.

रानड्यांचे नाव निघाले म्हणून त्यांच्याच दारी जाऊ. लोखंडाच्या धंद्यातील आरंभीच्या प्रयत्नांवर त्यांचा एक स्वतंत्र निबंध आहे, आणि राज्यसत्तेने नव्या उद्योगास हात द्यावा असे त्यांचे मत होते, हे खरे. परंतु हात देणे आणि हात सोडूच न देणे, या दोन गोष्टी निराळ्या. सर इब्राहीम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील १९२१-२२ च्या आयोगाने संरक्षणासाठी तीन कसोट्या घालून दिल्या : धंद्यास देशात नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावाचून त्याची वाढ होणार नाही अशी स्थिती असावी, आणि अखेर संरक्षणावाचून तो जगाशी टक्कर देऊ शकेल असा भरवसा असावा. या कसोट्या लावून १९२४ चा पोलाद संरक्षण कायदा झाला. त्यात जकातीबरोबरच रुळांसाठी आणि वाघिणींसाठी रोख साहाय्याचीही तरतूद होती. रोख साहाय्याचा गुण असा, की ते अर्थसंकल्पात आकड्याने दिसते. जकात दिसत नाही. ती कूलरच्या खोक्यात मिसळून जाते.

त्या वेळी जमशेदपूरची भट्टी तान्ही होती. आज? २०१८ पासून आपला देश पोलादाच्या उत्पादनात जगात दुसरा आहे. २०२४-२५ मध्ये पंधरा कोटी टनांहून अधिक कच्चे पोलाद येथे तयार झाले. या बालकास मिशा फुटल्या, त्या पिकावयास आल्या, तरी त्याची अंगडी-टोपडी उतरत नाहीत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशीच २० टक्क्यांची जकात, अशाच दोनशे दिवसांसाठी, अशाच चिनी लोंढ्याच्या कारणाने बसली होती. पुढे ती वाढवून मार्च २०१८ पर्यंत चालली. मध्यंतरी किमान आयात भावाचीही जोड मिळाली. दहा वर्षांनी तोच रोग, तेच औषध! मधल्या काळात रोग्याने कोणते पथ्य पाळले, असे विचारणारा वैद्य मात्र आमच्या बैठकीत कोणी नव्हता. आणि आताची पायरी पाहा : वर्षास अर्धा टक्का. एवढ्याशा पायरीने उतरणाऱ्यास आपण उतरत आहोत याची जाणीव तरी कशी व्हावी?

चिनी लोंढा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. तोट्यात विकलेल्या मालाने देशातील भट्ट्या विझल्या, तर हजारो संसार उघडे पडतील आणि उद्या तोच चिनी माल दामदुप्पट भावाने घ्यावा लागेल, हा युक्तिवाद वजनदार आहे. म्हणून जकात असूच नये असा आमचा हट्ट नाही. आमचे म्हणणे इतकेच, की जो समाज आपल्या खिशातून कवच देतो, त्यास कवच धारण करणाऱ्याकडून काही मागण्याचा अधिकार आहे. आणि जे मागावयाचे, ते धुराविषयी व रानाविषयी आहे.

आमचे मूळ गाव चंद्रपूरच्या बाजूचे. जमशेदजी टाटांचे लक्ष प्रथम वेधले ते याच मुलखातील लोहाऱ्याच्या खनिजाने. वरोऱ्याचा कोळसा त्या कामी उपयोगी न ठरल्याने तो बेत राहिला आणि कारखाना पुढे दूर साकचीस गेला. लहानपणी वाटे, केवढे भाग्य हुकले! पुढे कोळसा, औष्णिक वीज आणि लोखंड यांचे दुसरे कारखाने आले. दोरीवर वाळत घातलेली धोतरे संध्याकाळी काढताना आजी ती दोनदा झटकीत असे, आणि तरी घडीत काळी रेघ उरे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूर होते. आणि ज्या उत्तर प्रदेशाचे अन्न आज आम्ही खातो, त्याच्या दक्षिण टोकाचे सिंगरौलीही होते.

आता कुऱ्हाड त्याही पलीकडे गडचिरोलीत पोहोचली आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे ठाणे आहे. त्याच डोंगरातून लोहखनिज निघते. २०२५ साली त्या भागातील लोहखनिज शुद्धीकरणाच्या प्रकल्पासाठी ९०० हेक्टरांहून अधिक वनजमीन देण्यास केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. तोडावयाच्या झाडांची संख्या एक लाखावर आहे. ही झाडे जकातीमुळे पडणार, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ज्या कारखानदारीस जकातीने अभय मिळते, तिचे मूळ टोक त्या डोंगरात आहे. एका टोकास आपण अभय देतो आणि दुसऱ्या टोकाकडे पाठ फिरवितो.

धुराचा हिशेबही असाच आहे. आपल्या देशात एक टन पोलाद होताना सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. चिनी पोलादही कोळशावरच होते, तेव्हा आयात म्हणजे पुण्य असा भ्रम आम्हांस नाही. तथापि मार्ग आहेत, आणि सरकारच्याच कागदांत ते लिहिलेले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या केली : टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तेच हरित. २०१९ च्या भंगार धोरणात म्हटले आहे, की भंगारापासून केलेल्या एक टन पोलादामागे १.१ टन खनिज आणि ६३० किलो कोळसा वाचतो. आमच्या जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवूनच सळया करतात. त्यांचा धूर सोवळा नाही, पण त्या वाचविलेल्या खनिजाने सुरजागडसारख्या एखाद्या डोंगराचा एक कडा तरी उभा राहतो.

ॲल्युमिनियमचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६२ साली रिहंद धरण पुरे झाले आणि त्याच वर्षी त्याच्या काठी रेणुकूटचा कारखाना सुरू झाला. एक टन नवे ॲल्युमिनियम करण्यास सुमारे चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते, आणि ही वीज आपल्याकडे मुख्यत्वे कोळशाची असते. जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले, तर या ऊर्जेचा सुमारे विसावा हिस्सा पुरतो. असे असता २०२५ मध्ये नव्या धातूवर साडेसात टक्के जकात होती, आणि बाहेरून येणाऱ्या भंगारावरही अडीच टक्के होतीच. ती आणखी वाढवावी अशी मागणी मोठे उत्पादक करीतच असतात. जी वस्तू रान आणि कोळसा वाचविते, तिच्यावरही दाराशी कर!

राहता राहिली अमेरिका. १२ मार्च २०२५ रोजी तिने परदेशी पोलाद आणि ॲल्युमिनियम यांवर २५ टक्के जकात बसविली, ४ जूनपासून ती ५० टक्के केली. २७ ऑगस्टपासून आपल्या बहुतेक मालावर एकूण ५० टक्क्यांचा भार पडला, तेव्हा आमच्या शेजारच्या मुरादाबादेतील पितळेचे कारागीर हवालदिल झाले आणि आमच्या बैठकीने योग्य तो संताप व्यक्त केला. त्याच तोंडाने आम्ही आमच्या जकातीचे पोवाडे गावे काय? युरोपने तर १ जानेवारी २०२६ पासून पोलादावरील कार्बनची आकारणी लागू केली आहे. म्हणजे धुराची किंमत आज ना उद्या मोजावी लागणारच. ती आपल्या तिजोरीत पडावी की ब्रुसेल्सच्या, एवढाच प्रश्न उरतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या रविवारी कोणी टाळी वाजवू लागले, तर त्यांस तीन प्रश्न विचारा. जकातीचे उत्पन्न किती आणि त्यातील किती भंगार गोळा करण्यास व उजाड डोंगरांवर झाडी उभी करण्यास जाते? संरक्षण घेणाऱ्या भट्टीने तीन वर्षांत आपला धूर किती उतरवावा, हे कोठे लिहिले आहे काय? आणि पत्र्यावर पोट असलेल्या लहान कारागिरास काय मिळते? उत्तरे समाधानकारक असतील, तर आम्हीही टाळी वाजवू; आमचे हात काही फायलींना बांधलेले नाहीत.

महाभारतातील कर्णाने, ज्यावर आपले प्राण अवलंबून होते ते कवच, याचक दारी येताच अंगावरून सोलून दिले. आमचे पोलादी कर्ण स्वतःच याचक होऊन दारी उभे आहेत, आणि ज्या म्हाताऱ्याच्या अंगावरून कवच सोलले जाते, तो रायबरेली रस्त्याच्या कडेला एकटाच हातोडी चालवीत आहे. त्याचा मुलगा अद्याप गावाहून परतलेला नाही.